दुसऱ्याच्या दारातली ओटी

पत्नीच्या पोटातली गाठ काढायची होती आणि डॉक्टरांनी उशीर करू नका असे स्पष्ट सांगितले होते. शस्त्रक्रियेचा दिवस ठरला. मग तिने अट घातली. शिमग्यात गावच्या देवीची पालखी आमच्या दारात येते. त्या वेळी देवीची ओटी भरली गेली पाहिजे, नाहीतर ती ऑपरेशनच्या टेबलावर जाणार नाही. आमचे गावातले घर वर्षभर बंद असते आणि तिला प्रवासाची मनाई होती. मी म्हणालो, देवी तपासणीचे रिपोर्ट वाचत नाही. ती म्हणाली, "तुम्ही तरी कुठे वाचता? तुम्ही नुसतं कापता." मी वर्तमानपत्रात उपसंपादक म्हणून आयुष्य काढले होते, दुसऱ्यांच्या बातम्या कापत.

मी स्वतःला भक्त म्हणवत नव्हतो. देवीवर राग नव्हता, भरवसाही नव्हता. मला फक्त शस्त्रक्रिया वेळेवर व्हायला हवी होती आणि ती आता एका ओटीवर अडकली होती, याची चीड होती. गावातल्या चुलत भावाला फोन केला. तो म्हणाला, पालखी नेहमीसारखी खालच्या वाडीपासून निघेल, आपल्या वरच्या वाडीत यायला दुपार होईल. ओटी बाईने भरायची असते. ते काम त्याची बायको करणार होती. मी किल्ली आणि सामान घेऊन वेळेत पोचायचे, एवढेच. पत्नीने खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि नारळ एका पिशवीत बांधले, पिशवी क्षणभर पोटाशी धरली आणि माझ्या हातात दिली. सामान तिच्याच हातचे जायला हवे होते.

मी सायकलने निघालो. यावरही ती बोलली. "देवीच्या कामाला निघालात, तिथेही सवतीला घेऊन." पण कारण होते. आम्ही राहतो त्या खेडहून आमच्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा पूल दुरुस्तीसाठी बंद होता. मोटारीला लांबून जावे लागे आणि त्या रस्त्यावर मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग होती. सायकल मात्र नदीच्या कोरड्या गोट्यांवरून खांद्यावर घेऊन पलीकडे नेता येते. शिवाय हा माझा रविवारचा रस्ता. जगबुडीच्या वरच्या अंगाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी तो नदीला धरून वळत जातो. वाहन क्वचित दिसते. एका बाजूला काजूच्या बागा, दुसऱ्या बाजूला पालापाचोळा जाळून केलेल्या भाजावळीने काळे पडलेले शेताचे तुकडे, समोर डोंगराची भिंत. साखळीचा आवाज सोडला तर काही ऐकू येत नाही. फोनला रेंज नसते. हा या रस्त्याचा मोठा गुण, असे मी सर्वांना सांगत असे.

नदी ओलांडून चढ संपवला तोवर सगळे ठरल्याप्रमाणे चालले होते. उतारावर कोणीतरी बारीक खडी पसरून ठेवली होती. दबाई केली नव्हती, फलक लावला नव्हता. वळणावर मागचे चाक सरकले आणि मी आडवा झालो. कोपर सोलले. ते चालले असते. टायर बाजूने फाटला होता, म्हणजे जवळची जादा ट्यूब घालूनही उपयोग नव्हता. पिशवी उघडली. तांदूळ, खण, हळकुंड, सुपारी ठीक होती. नारळाला तडा गेला होता आणि पाणी पिशवीच्या तळाशी जमले होते. फुटका नारळ ओटीत चालत नाही, एवढे मलाही माहीत होते. मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो आणि क्रमाने सगळ्यांवर चिडलो. खडी टाकणाऱ्यावर, टायरवर, नारळावर, अट घालणाऱ्या पत्नीवर, ती पुरी करायला निघालेल्या स्वतःवर. मग सायकल ढकलत चालू लागलो.

गावाच्या सुरुवातीला, खालच्या वाडीत, रस्त्यालगत पहिले घर लागते. अंगण शेणाने सारवलेले होते, रांगोळी ताजी होती. वयाने मोठी, हिरव्या लुगड्यातली एक बाई पाट मांडत होती. मी तिला ओळखत नव्हतो. तिने आधी सायकलीकडे, मग माझ्या कोपराकडे पाहिले.

"कुठं चाललाव असे? दांडी मोडलेला नांगर घेऊन?"

मी वाडीचे नाव सांगितले. पालखी दुपारी येईल, त्याआधी पोचायचे आहे, असेही सांगितले.

"दुपारी? तुमच्या वाडीतनं पालखी सकाळीच गेली. येताय आता खाली. ढोल ऐकाय येत नाय काय?"

ढोल ऐकू येत होता आणि तो वरून खाली येत होता. बाईने मग सांगितले ते असे. सकाळी पालखी उठवण्याआधी देवीला कौल लावला. मूर्तीला दोन्ही बाजूंना फुले चिकटवतात आणि कोणते आधी पडते ते पाहतात. या वर्षी आधी वरच्या वाडीत जायचे, असा कौल आला. गावाने तो मानला. मला कोणी कळवले नाही. कळवणार कसे, मी रेंज नसलेल्या खोऱ्यात होतो.

म्हणजे पालखी आमच्या बंद दारावरून पुढे गेली होती. ती मागे फिरत नाही. पुढचा शिमगा वर्षाने. मला पत्नीचा चेहरा दिसला आणि त्याहून स्पष्ट डॉक्टरांचा. तिला सांगून टाकावे, ओटी भरली म्हणून, हा विचार आला. ती विचारणार नव्हती. मी तिथेच पायरीवर बसलो आणि बाईला, अनोळखी बाईला, सगळे सांगितले. गाठ, अट, नारळ. माझा आवाज तक्रारीचा होता. मी जणू तिच्याकडेच दाद मागत होतो.

तिने मध्येच थांबवले. "सामान हाय ना वैनीच्या हातचं? मग माझ्या दारात भरू."

"आमच्या दारात भरायचं ठरलंय."

"दार तुमचं, आई काय तुमची एकट्याची हाय?" ती आत वळून ओरडली, "सूनबाई, तो दुसरा नारळ आण."

आतून सून नारळ घेऊन आली. म्हणाली, "सकाळपासून विचारताय मी, आमच्या एका ओटीला दोन नारळ कशाला सोललाव. तर म्हणत्यात, हातानं सोलला, मी काय करू."

बाईने नारळ घेऊन पाटाशेजारी ठेवला. मी फक्त घडले ते लिहितो आहे. दुसरा नारळ तयार होता आणि तो का तयार होता हे त्या घरात कोणाला माहीत नव्हते.

पालखी आली. गुलालाने माखलेली माणसे, खांद्यावर ती हलती, डोलती पालखी, ढोलाने छाती दणाणत होती. ती पाटावर विसावली. बाईने आधी आपली ओटी भरली, मग मला पुढे बोलावले. "तुम्ही नुसते पिशवी धरा. भरायचं ते मी भरते." पत्नीने पोटाशी धरलेले तांदूळ आणि तो खण तिने ओंजळीने देवीपुढे ठेवले, वर आपला नारळ ठेवला. गुरवाच्या कानात ती काही बोलली. गुरवाने हात जोडून गाऱ्हाणे घातले. बा महाराजा, ही तुझी सून दूर अंथरुणावर हाय, तिच्या पोटातलं दुखणं निघून जावं, ती पुढच्या शिमग्याला आपल्या पायांनी तुझ्या दारी यावी. जमलेल्या सर्वांनी म्हटले, "व्हय महाराजा." त्यात माझा आवाज होता. तो मी ऐकला म्हणून सांगतो. नाहीतर मीही विश्वास ठेवला नसता.

पालखी पुढे गेली. बाईने कोपरावर हळद लावली, पाणी दिले आणि म्हणाली, "आता जावा सावकाश. एवढं चिडून देवाकडे येत्यात काय?"

रेंज टेकडीवर मिळाली. मी पत्नीला सगळे खरे सांगितले. फुटलेला नारळ, चुकलेली वेळ, परक्याचे दार. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "माझ्यासाठी कोणीतरी बाई उभी राहिली ना? पुरे. तारीख बदलू नका."

शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी झाली. गाठ साधी निघाली. या दोन वाक्यांत मी कोणताही संबंध जोडत नाही. कोणाच्या बातमीत मी तो जोडू दिला नसता. पण रस्ता, वेळ, वाहन, दार आणि ओटी भरणारी बाई, हे सगळे मी त्या दिवसासाठी पक्के केले होते. त्यातले एकही टिकले नाही आणि काम झाले. त्या माउलीचे नाव मी विचारायचे विसरलो. मनात तिला रोज नमस्कार करतो. तो नेमका कोणाला पोचतो याची चौकशी करत नाही.

शस्त्रक्रियेच्या दिवशी पत्नीला आत नेले तेव्हा तिने बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या आणि दार बंद झाले. मी बाकावर बसलो. आता माझ्या हातात काहीच नव्हते. असे बसणे मला कधी जमले नव्हते. त्या सकाळी जमले.