माघातला तारपा

मी पाडा सोडला त्या सकाळी बाबा माझी बॅग डोक्यावर घेऊन हायवेपर्यंत आला. बॅगेला चाकं होती, पण आमच्या वाटेवर चाकं काय कामाची! आदल्या दिवशी नवं खाऊन झालं होतं, म्हणजे नव्या भाताचा पहिला घास देवाला दाखवून मग सगळ्यांनी खाल्ला होता, आणि बाबाने आढ्याला टांगलेला तारपा उतरवून अंगणात वाजवला होता. मी इतकी नाचले होते की पोटऱ्या भरून आल्या होत्या. तलासरीच्या नाक्यावर एसटी आली. बॅग वर चढवून बाबा म्हणाला, "कोन काय बोलला तर ऐकून घे. पन उपाशी निजू नको." मागून चालत आलेली आई एसटीच्या चाकाकडे बघत उभी राहिली. मला मात्र खिडकी मिळाली याचाच आनंद जास्त झाला होता, खोटं कशाला सांगू.

पाड्यावर राहिलेल्या तुम्हा लोकांना तारपा काय ते सांगायला नको. पण आपल्यातले जे वापीला, बोईसरला, मुंबईला गेले, त्यांची पोरं आता विचारतात, हे भोपळ्याचं काय आहे? त्यांच्यासाठी सांगते. वाळवलेला दुधी, त्याला बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानाचा भोंगा. मधे वाजवणारा आणि त्याच्या भोवती एकमेकांच्या कमरेला हात घालून नाचणारे. यात सूर तुटू द्यायचा नसतो. गालात हवा धरायची आणि ती फुंकता फुंकताच नाकाने दुसरी ओढायची. बाबा असा घोळक्याच्या मधोमध तासन् तास वाजवायचा, नाचणारे दमायचे, हा नाही. आणि याला हंगाम आहे. नवं खाल्लं की तारपा उतरतो, मळणी संपली की परत आढ्याला चढतो. मग पुढच्या भातापर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. निदान आमच्या घरात तरी नाही. बाकीचे पार्टी, म्हणजे वाजवणाऱ्या-नाचणाऱ्यांचा ताफा, करून बारमाही जातात, कुठे रिसॉर्टवर, कुठे साहेबांच्या स्वागताला. बाबा त्यांना नावं ठेवत नसे. "त्यांचा पोट हाय," म्हणायचा. पण स्वतः जात नसे.

मला मुंबईत नोकरी लागली ती हॉलमध्ये. आईला वाटलं लग्नाचा हॉल. तिने पाडाभर सांगितलं की पोरीला रोज जेवणावळ आहे. माझा हॉल वेगळा. काळा ब्लेझर, हातात छोटा टॉर्च, लोकांना सीट दाखवायची, आणि वाजवणं सुरू झालं की दार लावून दाराशी उभं राहायचं. मग मंत्री आला तरी आत सोडायचा नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि मग फेब्रुवारीत तिथे परदेशी ऑर्केस्ट्रा येतात. आपल्याकडे जत्रेत असतो तो ऑर्केस्ट्रा नव्हे. यात गाणारा नाही, माइक नाही, निवेदकाचे फालतू जोक नाहीत. साठ-सत्तर माणसं काळ्या कपड्यांत येऊन बसतात, आधी सगळे मिळून एक सूर लावतात, आणि मग वाजवतात. पहिल्या वेळी मला काही कळलं नाही. आता कळतं म्हणत नाही, पण एखादा ढिसाळ वाजवत असेल तर झोप येते आणि चांगला वाजवत असेल तर पाय दुखायचे थांबतात.

एका गोष्टीची मजा वाटायची. ते लोक एक तुकडा वाजवून जरा थांबतात. तेव्हा टाळ्या वाजवायच्या नसतात, वाजवल्या तर शेजारचे डोळे वटारतात. पण खोकायला परवानगी. तेवढ्या थांब्यात अख्खा हॉल खोकून घेतो. म्हणून दाराशी वाटीत खोकल्याच्या गोळ्या ठेवलेल्या असतात आणि त्या द्यायचं काम माझं. मी घरी जाताना मूठभर पर्समध्ये टाकायची, बाबासाठी. त्यालाही खोकला होता.

सीझनमध्ये रजा नाही. हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. पण त्यांचा सप्टेंबर-ऑक्टोबर आणि आपलं नवं भात एकाच वेळी येतं, आणि पुढे मळणीपर्यंत हॉलला दुसरे कार्यक्रम असतात, हे तेव्हा डोक्यात शिरलं नाही. त्या सकाळनंतर मी बाबाचा तारपा ऐकलाच नाही. एकदाही नाही. कुठल्या कुठल्या देशांचे वाजंत्री ऐकले, त्यांच्या पेट्या ट्रकमधून उतरताना पाहिल्या, आणि बापाचं वाजवणं ऐकायला सवड नाही. मी मे महिन्यात जायची. तारपा वर टांगलेला, त्यावर धुराची काजळी. मी म्हणायची, "बाबा, जरासा वाजव ना." तो म्हणायचा, "भात कुठं हाय?" मग मी त्याला आमच्या ऑर्केस्ट्राचं सांगायची. त्यांचाही हंगाम असतो म्हटल्यावर त्याला फार बरं वाटलं. "असा? मग त्यांचा काय पिकला म्हनून वाजवतात?" मी आपलं पाऊस सरलेला असतो, तारखा मिळतात, असलं काहीतरी बोलले. त्याचं समाधान झालं नाही.

पावसाळा संपला की बाबा खडी फोडायच्या क्रशरवर जायचा. पाड्यातले निम्मे पुरुष जातात. हायवे रुंद झाला, मग आणखी मोठे रस्ते आले, खडी लागतच राहिली. संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या आणि माझा भाऊ रमेश लहानपणी हसायचा की बाबा म्हातारा झाला. खोकला सुरू झाल्यावर त्याला टीबीच्या गोळ्या दिल्या. कोर्स पूर्ण केला, फरक नाही. परत कोर्स दिला. कोणाला काही विचारावं इतकं कळत कोणाला होतं? मीसुद्धा, मुंबईची, ब्लेझरवाली, फोनवर सांगायची, गोळ्या चुकवू नको हं.

मागच्या फेब्रुवारीत आमच्या मॅनेजर मॅडमनी मला बोलावलं. सीझनच्या पहिल्या दिवशी पाहुण्या ऑर्केस्ट्राच्या आधी दहा मिनिटं इथल्या मातीतलं काहीतरी हवं होतं. "तू तलासरीची ना? ते मोठं वाद्य वाजवणारं कोणी ओळखीचं आहे?" बाई मनाने चांगल्या होत्या, उगाच का बोला. मी म्हटलं, माझा बाप वाजवतो. म्हणताना इतका अभिमान वाटला की विचारू नका. हॉलमध्ये मी कोणाची तरी मुलगी आहे हे पहिल्यांदाच कोणाला कळलं.

सीझन सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी घरी गेले. वाटेत चारोटीला बस थांबली तिथे बाबासाठी भजी घेतली. नाही म्हणेल हे धरूनच विचारलं. पण तो नाही म्हणाला नाही. चुलीपाशी बसून विचारत राहिला. किती माणसं बसतात? तू कुठं उभी राहतेस? मी वाजवताना तू मला दिसशील काय? मी म्हटलं, डावीकडचं दार, तिथेच असते मी. हसला. म्हणाला, "थांब, बांधावर जाऊन येतो." मी हातपाय धुऊन आले तेव्हा तो गोणपाटाचं गाठोडं काखेत मारून निघाला होता. आई त्याच्या मागोमाग सरपणाला गेली. मी रमेशच्या बायकोला, मीनावहिनीला, सांगून टाकलं की बाबा येतोय, त्याला नवा सदरा घ्यायचा.

तो परत आला तो वेगळाच. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाला, "माघात तारपा वाजत नाय. तुझ्या मॅडमला सांग, रीत नाय आमच्यात."

मी जाम चिडले. आत्ताच तर हो म्हणत होतास! तो तेच धरून बसला. शेवटी दुसऱ्या पाड्यावरची पार्टी आली, लाल फेटे बांधून. छान वाजवलं त्यांनी, टाळ्या पडल्या. मी डावीकडच्या दाराशी उभी होते आणि मला रडू येत होतं, रागाचं.

एप्रिलमध्ये बाबाला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. तिथल्या डॉक्टरने छातीचा फोटो उजेडावर धरला आणि म्हणाला, हा टीबी नाही, दगडाची धूळ आहे, छाती दगडासारखी झाली आहे. औषध? नाही. किती दिवस? पावसाळा काढेल असं वाटत नाही, म्हणाला. नवं भात दिसायचं नाही एवढं मला कळलं.

सीझन संपलेला होता. रजा काढून घरी आले. माझ्या डोक्यात एकच होतं, मला याचा तारपा ऐकायचा आहे. एकदाच. मी तसं आईला बोलूनही दाखवलं. ती चुलीतली लाकडं पुढे सारत राहिली. युक्ती मीनावहिनीची. तिचं माहेर कासा बाजूला, कॅनॉलच्या कडेला. तिथे धरणाच्या पाण्यावर उन्हाळ्यात दुसरं भात निघतं. ती माहेरी गेली आणि कापणीतलं ताजं भात घेऊन आली, कांडून, पाखडून शिजवलं, पानावर वाढलं आणि अंगणात बाजेवर बसलेल्या बाबापुढे ठेवलं. म्हणाली, "बाबा, हा घ्या नवा भात. कालच निघाला."

बाबाने पानाकडे बघितलं, मग आढ्याकडे, मग आमच्या तिघांच्या तोंडाकडे. मला आणि मीनावहिनीला वाटलं जिंकलो. तर तो ओरडलाच. ओरडायची ताकद नसताना ओरडला. "कॅनॉलचा भात देव नवा धरत नाय! आभाळातून पडला तोच पानी. खायचा तर खा, पन सन करू नका माझ्या घरात!" आणि पान बाजूला सारलं.

मलाही राहवलं नाही. पोटची पोर समोर बसली आहे, उद्याचा भरवसा नाही, आणि हा रीत धरून बसलाय! मी म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं, तसं झालंय तुझं. कधी माघ आडवा येतो, कधी कॅनॉल आडवा येतो!" बाबा माझ्याकडे बघत राहिला. मग हसला. हसता हसता त्याला जी ढास लागली ती आईने पाठ चोळून चोळून थांबवली. त्या दिवसानंतर आम्ही दोघं नीट बोललोच नाही. मी रजा संपल्यावर निघाले, तो बाजेवरून म्हणाला, "जाते काय?" मी म्हटलं, "जाते." जूनमध्ये राबात, रोपांसाठी भाजलेल्या तुकड्यात, पेरलेलं भात बोटभर वर आलं तेव्हा तो गेला.

दिवस घातले, माणसं पांगली. मी आईला म्हटलं, "रीत रीत करत मेला, मला एकदा ऐकवलं नाही." आई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"कसली रीत," ती म्हणाली. "त्याला यायचा होता तुझ्या हॉलात. त्या दिवशी गोनपाटात तारपा घालून नेला त्यानी ओहळावर. मी बघितला ना. बसला मोहाच्या झाडाखाली, तोंडाला लावला. नुसती हवा गेली. परत लावला, परत हवा. वाजवनाऱ्याला वाजेना. रडला गं, पोरासारखा रडला. मला बोलला, पोरीला सांगू नको. सांग, रीत नाय."

मी त्याला अंगणात काय बोलले होते ते मला आठवलं. आईलाही आठवलं असणार. ती परत तांदूळ निवडायला लागली.

म्हणजे बघा, जन्मभर ज्याने तारप्याला वेळेआधी हात लावला नाही, त्याने माझ्या हॉलमध्ये यायचं म्हणून माघात तो उतरवला. आपली रीत मोडली ती माझ्यासाठी, आणि मग त्याच रीतीच्या आड लपला तोही माझ्यासाठी. त्या कॅनॉलच्या भातावर तो का ओरडला ते मला आता कळतं. ते खाल्लं असतं तर वाजवावं लागलं असतं.

मला त्याचा राग येतो. अजून येतो. मला नुसती हवा चालली असती. मी काय तिकीट काढून आले होते? मी मुलगी होते त्याची. त्याच्या शेजारी बाजेवर बसून ती हवा ऐकली असती आणि म्हटलं असतं, बाबा, पुरे, दमलास. एवढंही त्याने मला करू दिलं नाही, आणि मी इतकी हुशार की माझ्याही ध्यानात आलं नाही.

आपण पाड्याबाहेर गेलेली माणसं भेटलो की घराबद्दल फार बोलतो. ताडी, भाताचा वास, अंगण. मला आता तसलं बोलवत नाही. आपल्याला परत धड नोकरीवर जाता यावं म्हणून जिथली माणसं दुखणं गिळून बसतात, ते घर. पाड्यावरच्यांनो, तुम्हाला हात जोडून सांगते, असं करू नका. आम्ही कितीही ब्लेझर घातले तरी तुमचीच आहोत, आम्हाला सांगत जा. तुम्ही सांगणार नाही हे मला माहीत आहे.

या सप्टेंबरात सीझन उघडायच्या तोंडावर मी रजा मागितली. मॅडम वैतागल्या. म्हणाल्या, "ऐन सीझनला? घरी कोणी आजारी आहे का?"

मी म्हटलं, "आई काल फोनवर म्हणाली, मी बरी हाय. म्हणून जाते."