नागपुरात मी सिग्नल तोडला

नागपूर स्टेशनबाहेर वंदना सायकल घेऊनच उभी होती. धाकटी बहीण न्यायला येईल ती रिक्षाने, अशी माझी समजूत. तिने माझी बॅग कॅरिअरला बांधली आणि आम्ही चालतच धंतोलीतल्या तिच्या घरी निघालो. वाटेत चहावाला, फुलवाली, दवाखान्याचा वॉचमन, सगळे तिला हाक मारत होते. "मॅडम, उद्या कुठं जाऊन राहिल्या?" म्हणजे उद्या सायकलवर कुठे निघालात?

मॅडम! नाशिकला मागून सीट धरून हिला सायकल शिकवली ती मी.

घरी तर्री-पोहे झाले (तर्री म्हणजे काळ्या हरभऱ्याचा झणझणीत रस्सा). वर भरपूर सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर. भिंतीवर वंदनाच्या सायकल गटाचे फोटो होते आणि प्रत्येक फोटोत ती मधोमध होती. मी पोह्यांची स्तुती केली, फोटोंबद्दल अवाक्षर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी वंदनाची जादा सायकल घेऊन मी गटाबरोबर खाप्याला निघाले. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. अकरा बायका रस्त्याच्या डाव्या कडेने एकामागे एक चालल्या होत्या. वळायच्या आधी हात बाहेर, प्रत्येकीच्या मागे लाल रिफ्लेक्टर. मी वंदनाशी बोलायला तिच्या शेजारी गेले तर म्हणाली, "ताई, मागे हो. सायकलही गाडीच असते, तिलाही नियम आहेत."

"हो गं, उद्या लायसनच काढते," मी म्हणाले. सगळ्या हसल्या, पण मागे मलाच व्हावं लागलं. चढ आला की त्या माझ्यासाठी थांबत. खाप्याला कन्हान नदीचं पात्र रुंद, वाळूचं, मधून उथळ पाणी चमकत होतं. खूप सुंदर होतं. पण माझ्या डोक्यात त्या थांबलेल्या अकरा जणीच होत्या. परतताना मी सायकलीसकट एका टेम्पोत बसले. वंदना चालवतच आली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघीच निघालो. चौकात दिवा लाल झाला. रस्ता जवळजवळ मोकळा होता, तरी वंदना पट्ट्याच्या आत पाय टेकून उभी राहिली. एकदा तरी तिच्या पुढे जायचं, एवढंच मनात आलं आणि मी पॅडल मारलं.

झेब्रा पट्ट्यांवरून एक म्हातारी बाई डबा घेऊन ओलांडत होती. घंटी वाजवायचंही सुचलं नाही. माझं हँडल तिला लागलं, ती हातावर पडली, डबा घरंगळत गेला. मी दहा पावलांवर जाऊन कशीबशी थांबले. तेवढ्यात आडव्या रस्त्याने वळून आलेल्या ऑटोने तिच्याजवळ करकचून ब्रेक मारला.

लोक धावले. "ऑटोवाल्यानंच उडवलं!" कुणीतरी ओरडलं. एकाने त्याची कॉलर धरली. तो बिचारा म्हणत होता, "मी काही नाही केलं गा, मी तर थांबून राहिलो होतो!"

सायकलवाल्या बाईकडे कुणी बघतही नव्हतं. मी गप्प उभी राहिले. किती वेळ, ते सांगायची लाज वाटते.

दिवा हिरवा झाल्यावर वंदना माझ्याजवळ आली. तिने सगळं पाहिलं होतं. हळूच म्हणाली, "तू सांगतेस, की मी सांगू?"

तिने सांगितलं असतं तर चौकाने तिलाच मानलं असतं. खरेपणाही तिच्याच खात्यात गेला असता! तो विचार मला सहन झाला नाही. मी ओरडले, "त्याला सोडा! माझी सायकल लागली. सिग्नल मी तोडला."

कॉलर सुटली. त्याच ऑटोतून आम्ही बाईंना जवळच्या दवाखान्यात नेलं. त्यांचं नाव सुमनबाई. कुही गावाकडच्या, नवरा त्याच दवाखान्यात भरती होता, त्याचा डबा घेऊन निघाल्या होत्या. मनगट मोडलं होतं. प्लास्टर घालताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "लाल दिवा मले या वयात दिसते. तुले काहून नाही दिसला वं?"

 त्यांच्या नवऱ्याला डबा मी नेऊन दिला आणि माझ्या मुक्कामाचे उरलेले दोन्ही दिवस वंदनाच्या घरून करून नेला.

हवालदार बयान (जबाब) घ्यायला आले. मी म्हटलं, सायकलला तर लायसनसुद्धा लागत नाही. ते लिहिता लिहिता म्हणाले, "लायसन नाही लागत, मॅडम. पण सिग्नल लागते, अन् कोणाले लागलं तर जबाबदारीबी लागते. थांबल्या, दवाखान्यात आणलं, ते बरं केलं. बोलावलं तर यावं लागन." मी नाशिकचा पत्ता दिला आणि सही केली.

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी नागपुरात मॅडम म्हटलं, ते असं.

नाशिकला पोचले तर शेजारणी दारात. वंदनाने सायकल गटाच्या व्हॉट्सॲपवर लिहिलेलं फिरत फिरत इथवर आलं होतं: माझ्या ताईने चौकात सगळ्यांसमोर चूक कबूल केली. मला ते कौतुक पचेना. मी तिला फोन लावला आणि खरं सांगितलं, की मी प्रामाणिकपणाने बोलले नाही, तुझ्या हेव्याने बोलले.

 ती म्हणाली, "कशानेही का होईना ताई, त्या माणसाची कॉलर सुटली ना?"

फोन ठेवला आणि वाटलं, हे मला का सुचलं नाही? झालं, पुन्हा तिचा हेवा.