बॉलवर ठेवलेला हात

भिवंडीत लूमची, म्हणजे यंत्रमागांची, सुट्टी शुक्रवारी. आठवडाभराचा खडखडाट त्या दिवशी एकदम थांबायचा, आणि वाल्मीक रोकडे पलंगाखालून गोणपाटात गुंडाळलेला फुटबॉल काढून उंबऱ्यात बसायचा. चामडं फडक्याने पुसायचं, त्याला खोबरेल चोळायचं, शिवण उसवली असेल तर मेण लावलेल्या दोऱ्याने दोन टाके घालायचे. बायको कलावती आत चरख्यावर कांड्या भरत असायची, कारण लूम बंद असले तरी शनिवारी सकाळी धोट्यात घालायला सुताच्या कांड्या लागतातच. "पोरांच्या डोक्याला कधी एवढं तेल लावलं नाय," ती म्हणायची. वाल्मीक आणखी थोडं खोबरेल घ्यायचा.

गंमत अशी की नवजीवन स्पोर्ट्स क्लबचा बॉल सांभाळणाऱ्या या माणसाने जन्मात एकही मॅच खेळली नव्हती. तो एका कारखान्यात फोल्डिंगला होता. लूमवरून उतरलेला कापडाचा ताका त्याच्या टेबलावर यायचा, आणि घड्या घालता घालता जिथे धागा तुटलेला किंवा तेलाचा डाग पडलेला दिसेल तिथे तो खडूने खूण करायचा. वीस वर्षं दोष शोधून शोधून डोळ्यांना तेच वळण लागलं होतं. नवजीवन स्पोर्ट्सचा कोणता खेळाडू कुठे कमी पडतो हे त्याला क्लबच्या कोचच्या आधी कळायचं. क्लबला कोच नव्हताच, त्यामुळे त्याचं म्हणणं खोडून काढायलाही कुणी नव्हतं.

फॉर्मबद्दल त्याचं एक ठाम मत होतं, आणि चहाच्या टपरीवर बसणाऱ्या प्रत्येकाने ते निदान दहा वेळा ऐकलेलं होतं. "फॉर्म पायात नसतो, मानेत असतो. ज्याची मान वर, त्याला सगळं मैदान दिसतं. मान खाली गेली, पायाकडे बघायला लागला, की समजायचं, गेला कामातून."

नवजीवनच्या मॅची दिवाळीनंतर सुरू व्हायच्या. पूर्णा गावच्या शेतातला भात कापून झाला की बांध मोडून, धसकटं काढून मैदान करायचं आणि शिमग्यापर्यंत दर शुक्रवारी खेळायचं. टीममध्ये आगऱ्यांची पोरं होती, बौद्धवाड्यातली होती, उत्तरेकडून लूमवर आलेले मुसलमान कामगार होते. हंगामाच्या सुरुवातीला शपथ घ्यायची तर कुणाच्या देवाची घ्यायची, हा प्रश्न पहिल्याच वर्षी आला आणि वाल्मीकने तो सोडवला. बॉलची घ्या म्हणाला. तेव्हापासून दिवाळीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी सगळे त्याच्या खोलीत जमायचे. तो दोन्ही तळव्यांवर बॉल धरायचा. एकेकाने पुढे यायचं, वरून हात ठेवायचा आणि म्हणायचं, "मोकळा होईपर्यंत दुसऱ्या कुणासाठी खेळणार नाही." शिमग्याला पुन्हा तसाच हात ठेवायचा, आणि वाल्मीक नाव घेऊन म्हणायचा, "मोकळा." हा शब्द त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणी उच्चारायचा नाही, क्लबचा सेक्रेटरी दाजी पाटील यानेसुद्धा नाही. एवढा मान वाल्मीकला आयुष्यात दुसरीकडे कुठेच मिळाला नव्हता, आणि त्याने तो जिवापाड जपला.

जानू भोईर पंच्याऐंशी साली टीममध्ये आला. पूर्ण्याचाच होता, एकोणीस वर्षांचा, रात्रपाळीला बारा तास लूमवर उभा राहणारा. डाव्या बाजूने बॉल घेऊन निघाला की समोरचा बॅक नुसता वळून बघत राहायचा. वाल्मीकने त्याला पहिल्यांदा पाहिलं आणि दोष शोधायचाच विसरला. टपरीवर आल्यावर फक्त इतकंच बोलला, "मान बघितली का त्याची?"

जानूची आई नव्हती. मॅच संपली की तो वाल्मीककडे जेवायला यायचा, आणि कलावती त्याला सुक्या बोंबलाची चटणी जास्तीची वाढायची. वाल्मीक त्याच्या बुटांनाही तेल लावायला लागला. पोरगा आपलाच आहे असं त्याला वाटायला लागलं होतं. क्लबचा तर होताच.

सत्त्याऐंशीच्या जानेवारीत मुंबईच्या एका कंपनीची दोन माणसं मैदानावर आली. मॅच बघितली, जानूशी बोलली आणि गेली. दुसऱ्या संध्याकाळी कामावर जायच्या आधी जानू वाल्मीकच्या दारात उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना.

"काका, त्यांच्या टीमसाठी घेतात मना," तो म्हणाला. "नोकरी पन देतात. पर्मनंट. सकाली चार तास काम, मंग प्रॅक्टिसला सोडतात."

"चांगलं आहे की," वाल्मीक म्हणाला. "शिमग्यानंतर जा."

"त्यांना सोमवारी पायजे. नावं द्यायची हायेत. सोमवारी नाय गेलो तर दुसरा घेतील." जानूने खाली बघितलं. "तुमी मोकला बोला, काका. दाजी बोलतो तुमी बोलला तर त्याची हरकत नाय."

हंगामाच्या शेवटी होणारा कप पाच आठवड्यांवर आला होता. नवजीवनने तो कधीच जिंकला नव्हता, आणि जानू नसला तर यंदाही जिंकणार नव्हतं. पण हे त्याने स्वतःशीही कबूल केलं नाही. त्याला वाटलं, आपण तत्त्वासाठी उभे आहोत.

"शब्द दिलास ना? मग शिमग्यापर्यंत तो शब्द आहे," तो म्हणाला. "आज तुला सोडला तर उद्या कोण थांबेल? क्लब म्हणजे काय धर्मशाळा आहे?"

आत चरखा थांबला होता. "जाऊ द्या की त्याला," कलावती आतून म्हणाली.

"तू मध्ये बोलू नको," वाल्मीक म्हणाला.

जानू "बरं" म्हणाला आणि रात्रपाळीला गेला. त्याने रागाने पाय आपटले असते, दोन शिव्या दिल्या असत्या, तर वाल्मीकला पुढे बरं पडलं असतं. त्याने मान्य केलं, आणि तेच वाल्मीकला नंतर कितीतरी वर्षं आठवत राहिलं.

कप नवजीवनने जिंकला. शेवटचा गोल जानूचा होता. पोरांनी वाल्मीकला खांद्यावर घेऊन पूर्ण्याच्या नाक्यापर्यंत नाचवलं, आणि तो टपरीवर वर्षभर सांगत राहिला, "निष्ठा बघा. मुंबईची नोकरी सोडली पोराने क्लबसाठी." सोडली नव्हती, सोडायला लावली होती. पण ऐकणाऱ्याला ते कुठे माहीत होतं, आणि सांगणाऱ्याला ते आठवायचं नव्हतं. शिमग्याला जानू मोकळा झाला तेव्हा कंपनीने दुसरा खेळाडू घेऊन टाकला होता.

पुढची चार वर्षं जानू खेळला, पण लूमच्या पाळ्या सुटल्या नाहीत. लग्न झालं, मूल झालं, तसा तो बदलीच्याही पाळ्या करायला लागला. रात्रभर सिमेंटच्या जमिनीवर चार लूममध्ये फिरायचं आणि शुक्रवारी मैदानात पळायचं. गुडघे सुजायचे. कलावती निरगुडीचा पाला शेकायला द्यायची. वाल्मीक मात्र बांधावर उभा राहून बघायचा, आणि एक्याण्णवच्या हंगामात त्याने जे बघितलं ते त्याच्या डोळ्यांतून सुटणं शक्यच नव्हतं. जानूची मान खाली गेली होती. पळताना तो पायाकडे बघत होता.

त्या वर्षी सेमीफायनल मानकोलीच्या टीमशी होती. हाफटाइमला नवजीवन एका गोलने मागे. दुसऱ्या हाफमध्ये जानूच्या पायातून बॉल तीनदा निसटला, आणि तिसऱ्या वेळी वाल्मीक बांधावरून सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "बसवा त्याला. संपला तो." मैदानातल्या जानूने वर बघितलं. दाजीने त्याला बाहेर बोलावलं. तो आला, बूट काढले आणि वाल्मीकपासून दोन हातांवर बांधावर बसला. नवजीवन हरलं.

शिमग्याला पोरं मोकळी व्हायला आली. हरल्यामुळे वाल्मीकचं डोकं फिरलेलंच होतं. एकेकाचं नाव घेत, हात ठेवून घेत त्याने सगळ्यांना मोकळं केलं. जानू शेवटी उभा होता. वाल्मीकने बॉल गोणपाटात गुंडाळला आणि पलंगाखाली सारला. आता याला मोकळं काय करायचं, हा काय कुठे जाणार आहे, असं त्याच्या मनात आलं. जानू दारात जरा थांबला आणि निघून गेला. पुढच्या दिवाळीनंतरच्या शुक्रवारी सगळ्यांना निरोप गेला, तो जानूला गेला नाही.

"त्याला बोलावलं नाय?" कलावतीने विचारलं.

"फॉर्म गेलाय त्याचा."

"फॉर्म गेला नाय, गुडघे गेलेत," ती म्हणाली. "चार तासांची नोकरी सोडून बारा तास उभा राहिला तो. कुणासाठी राहिला?"

कुणासाठी, हे वाल्मीकला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तरी तो पूर्ण्याला गेला नाही. आज जाऊ, पुढच्या शुक्रवारी जाऊ करता करता वर्षं गेली. चूक जितकी जुनी होते तितकं त्या माणसाच्या दारापर्यंत जाणं अवघड होतं.

नव्वदीच्या मध्यावर नवजीवन मोडकळीला आलं. नवी पोरं आज इकडून तर उद्या तिकडून खेळायची, आणि बॉलवर हात ठेवायला सांगितलं तर हसायची. पूर्ण्याच्या शेतांवर भराव पडला, पत्र्याची मोठाली गोदामं उभी राहिली. वाल्मीक टपरीवर बसून निष्ठा, निष्ठा करत राहिला. अठ्ठ्याण्णव सालच्या एका शुक्रवारी तो असाच तणतणत होता, "एक तरी पोरगा दाखवा, ज्याने क्लबसाठी काही सोडलं."

दाजी समोर बसला होता. म्हातारा झाला होता, पण आवाज शाबूत होता. "जानू," तो म्हणाला.

"ते सत्त्याऐंशीचं झालं."

"एक्याण्णवचं बोलतो मी. आपन त्याला टाकला ना, तवा मानकोलीवाले आलते त्याच्याकडं. पोरांना शिकव, जमेल तेवढा खेल, गावातल्या कारखान्यात दिवसपालीचं हलकं काम देतो, बोलले. तो नाय बोलला." दाजीने बशीतला चहा संपवला. "मी विचारलं, का रं? तर बोलला, काकांनी मना मोकला केला नाय."

वाल्मीकचा चहा तसाच राहिला. सात वर्षं एक माणूस त्याच्या एका शब्दासाठी थांबला होता, आणि तो शब्द त्याने रागाच्या भरात, आळसाने, किंमत न वाटून दिलाच नव्हता. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की टपरीवरून उठताना त्याने कुणाकडे बघितलं नाही.

घरी येऊन त्याने पलंगाखालून बॉल काढला. चामडं कडक झालं होतं, हवा गेलेली होती. त्याने पंपाने जमेल तेवढी भरली, तेल लावलं आणि रिक्षा करून पूर्णा गाठलं. जिथे मैदान होतं तिथल्याच एका गोदामाच्या फाटकावर जानू वॉचमन होता. खाकी शर्ट, पायात स्लिपर, बसल्या जागेवरून उठताना गुडघ्यावर हात. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी.

"या काका," तो म्हणाला. त्याच्या आवाजात आश्चर्यही नव्हतं आणि रागही नव्हता. त्याने आपली खुर्ची पुढे केली, स्वतः पाण्याच्या पिंपावर बसला. "काकी बरी हाय ना?"

वाल्मीक बसला नाही. गोणपाट सोडून त्याने बॉल दोन्ही तळव्यांवर धरला. "हात ठेव," तो म्हणाला.

जानूने त्याच्याकडे बघितलं, बॉलकडे बघितलं. मग पँटला तळवा पुसला आणि हात ठेवला.

"जानू भोईर, मोकळा," वाल्मीक म्हणाला. पुढचं त्याने वाटेत दहा वेळा घोकलं होतं. "चुकलं रे माझं. तेव्हाही चुकलं आणि नंतरही. आता तू पण मला मोकळं कर."

"तुमाला?" जानूला खरंच कळलं नाही. त्याने हात तसाच बॉलवर ठेवून जरा विचार केला. "तुमाला कसा करू, काका? तुमी कवा हात ठेवला व्हता?"

त्यात टोमणा नव्हता. सरळ प्रश्न होता, आणि तो विचारून जानू उत्तराची वाट बघत राहिला. इतक्यात फाटकाबाहेर ट्रकने हॉर्न दिला. जानू उठला, एक पाय ओढत फाटकाकडे गेला आणि फाटक उघडायला लागला. ट्रक आत आला, मागोमाग दुसरा. वाल्मीक बॉल धरून तिथेच उभा राहिला. इतक्या वर्षांत कितीतरी पोरांचे हात त्या बॉलवर आले होते. त्याने तो कायम खालून धरला होता.