पट्टी वाकडी निघाली, तरी मरोद्यातच

गोंदियाकडच्या गावातून मी अन् शेवंता निघालो तवा बाप दारात उभा होता. म्हने, "लोखंडाच्या गावात मानूस राह्यते का बे? दिवाळीपर्यंत येशीन परत." टिनाची एक पेटी अन् बायकोच्या कडेवर विलास. भिलाईले आलो, लोखंडाच्या प्लांटात लागलो, मरोद्यात घर केलं, परत गेलोच नाई.

आता तोच विलास मले पुन्याले नेऊन राहिला होता. त्याची माय गेली, तेरवी झाली, अन् यानं माह्या बॅगमंदी स्वेटर कोंबलं. मी नाई म्हटलं तं म्हने, "बाबा, ईसीजी करू. रिपोर्ट ठीक निकला तो रहो इधरच. नाई तं चला."

गावातल्यांनो, अन् माह्यासारखे गाव सोडलेल्यांनो, ईसीजीले भेऊ नका. प्लांटात करंटनं फेकलेला मानूस पाह्यला हाये मी, वायरी पाहून मीही आधी मांगं सरलो. पन ते मशीन करंट देत नाई. आपल्याच दिलात बारीक करंट चालते, त्याच्यानं ठोका पडते. छातीवर चिकटपट्ट्या, हातापायाले चिमटे लावतात, गुपचूप पडून राहाचं. मशीन तो करंट वाचते अन् कागदाच्या पट्टीवर रेघ काढते. दुखत नाई, वेळही लागत नाई.

पन ते रेघ तेवढ्याच वेळेची. शेवंताची पट्टी एकदम चांगली निघाली होती. थोड्या दिवसांनी भाजीले फोडनी देता देता खाली बसली, ते उठलीच नाई. छातीत दाबल्यावानी झालं, घाम सुटला, तं जुनी चांगली पट्टी दाखवत बसू नका. दवाखान्यात पळा.

माही पट्टी वाकडी निघाली. डॉक्टरीन बाई म्हने, "काका, ठोके आगे-पीछे हो रहे हैं."

विलास उठलाच. "बस! कल की टिकट."

मी बाईले विचारलं, "पुन्याले गेल्यानं हे सरळ होते का?"

तिले हसू आलं. "गोली से होगा, जांच से होगा. वहाँ भी, यहाँ भी. लेकिन अकेले रहते हो?"

"भिंतीपलीकडं दुलारी राह्यते. घराची किल्ली तिच्यापाशी देतो."

रस्त्यात विलास ओरडला, "रात-बेरात काही झालं तं कोन पाह्यन?"

"तुही माय गेली तवा मी हातभर अंतरावर होतो. काय करू शकलो बे?"

तो रडला. मीही. स्वेटर मीच बॅगेतून काढलं, विलास एकटाच पुन्याले गेला. आता गोळी घेतो, बोलावतात तवा जाऊन रेघ काढून येतो.

तेरवीले पुन्याहून सून-नातू आले होते; माह्या डोळ्यात पानी दिसलं का सून टीव्ही लावे, नातू मोबाईल हातात दे. चांगले हायेत, पन रडू देत नाई. इथं मी शेवंताचं नाव घेऊन मोठ्यानं रडतो. दुलारी भिंतीवर थाप मारते, "कका, चाहा पी ले!" मी म्हनतो, "थांब वं, माहं रडनं व्हाचं हाये." थांबते बिचारी. हे माहं घर हाये. कोनाच्या रिपोर्टवर नाई सोडत.