पहिलं ‘नको’

लंडनकाका लंडनमध्ये कधीच राहिले नव्हते. त्यांचं इंग्लंडमधलं सगळं आयुष्य लीड्समध्ये गेलं. पण किचनर गावातल्या आम्हा मराठी मंडळींना लीड्स कुठं आलं हे कोण समजावत बसणार? नाव पडलं ते पडलंच. काका मूळचे साताऱ्याचे, पेशानं इंजिनियर. नोकरीची शेवटची वर्षं कंपनीनं त्यांना इकडे कॅनडात पाठवलं, काकूंना इथं करमलं म्हणून दोघं राहिली, आणि मग काकूच गेल्या. एकुलती एक मुलगी मृणाल लीड्समध्येच जन्मली, तिकडेच राहिली.

आमच्यापैकी कुणी पहिल्यांदा ब्रिटनला निघालं, की व्हिसा हातात पडायच्या आधी काकांच्या कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटमध्ये, शिकवणी लागायची. “रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघ. इथल्या सवयीनं डावीकडे बघशील आणि थेट वर जाशील.” “तुझ्या पायावर कुणी पाय दिला तरी सॉरी तूच म्हणायचं.” “‘ऑल राइट?’ असं विचारलं की गुडघेदुखी सांगत बसू नकोस. ती चौकशी नसते, नुसता रामराम असतो.” पबमध्ये आळीपाळीनं सगळ्यांसाठी प्यायला आणायचं असतं, आणि आपली पाळी आली की नेमका वॉशरूमला जाणारा माणूस तिथं आयुष्यातून उठतो, हेही त्यांनीच सांगितलं.

मी एकदा वैतागले. “काका, ऑफिसच्या कामाला चाललेय, आठवड्यात परत. तिथं संसार थाटायचा नाहीये मला.”

“म्हणूनच सांगतोय. संसार थाटणाऱ्याला चुका सुधारायला वेळ असतो.”

पण त्यांचा खरा धडा एकच, आणि तो चिवड्याचा डबा पुढ्यात ठेवूनच सुरू व्हायचा. इंग्लंडमधल्या पहिल्याच रविवारी साहेबानं त्यांना घरी बोलावलं होतं. मडमेनं जेवायला विचारलं. काकांनी आईनं लावलेल्या वळणाप्रमाणे मान हलवत “नको, नको” म्हटलं. मडम हसून बरं म्हणाली आणि त्यांच्यापुढचं ताट उचलून घेऊन गेली! “पोटात कावळे ओरडतायत, सगळे जेवतायत, आणि मी त्यांच्या कुत्र्याकडे बघत बसलोय. त्या कुत्र्याला दोनदा वाढलं गं!” आम्ही हसून लोळायचो. मग काका बोट उगारायचे. “तिथं आग्रह नसतो. पहिल्या विचारण्यालाच हो म्हणायचं, नाहीतर उपाशी मरायचं.”

स्वतःच्या घरीही तोच कायदा. माझा नवरा समीर एकदा त्यांच्याकडे गाडीभोवतीचा बर्फ फावड्यानं शोव्हल करून वर आला, भुकेनं कासावीस. “चिवडा घेणार?” “नको काका, राहू दे.” फाट्कन डबा बंद! घरी आल्यावर समीरनं उभ्याउभ्याच सकाळच्या पोळ्या संपवल्या.

मृणालला त्यांनी याच वळणानं वाढवलं होतं आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! “माझ्या पोरीनं कुणालाही दुसऱ्यांदा विचारून भंडावलं नाही. माणूस नाही म्हणाला की नाही. त्याच्या शब्दाचा मान ठेवायचा.”

गेल्या हिवाळ्यात काकांचं हृदय थकलं. हॉस्पिटलमधून घरी आले ते निम्मे होऊनच. मी खिचडी घेऊन गेले होते तेव्हा मृणालचा फोन आला, आणि त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

“बाबा, शॅल आय कम?”

काकांचा चेहरा उजळला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आणि तोंडातून काय निघालं? “छे गं, नको. कशाला उगीच रजा घालवतेस? इथं सगळे आहेत.”

“ओके बाबा. टेक केअर.”

काका फोनकडे बघत राहिले. “ठेवला वाटतं,” म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. “ठेवणार नाही तर काय करेल? आम्हाला सांगता पहिल्यालाच हो म्हणा, आणि स्वतः?”

“अगं, ते परक्यांसाठी. पोटच्या पोरीला का ‘ये बाई’ म्हणून विनवायचं? विचारेल परत.”

“मी कळवते तिला.”

“माझी शपथ आहे तुला. तू सांगितल्यावर आली, तर ते येणं कसलं?”

त्यानंतर दर रविवारी काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनपाशी बसायचे. फोन यायचा. मृणाल औषधांचं विचारायची, हवेचं विचारायची, जेवणाचं विचारायची. तेवढं एक पुन्हा विचारायची नाही. बापाच्या शब्दाचा मान ठेवत होती बिचारी. राग तरी कुणावर काढायचा? बर्फ वितळायच्या आत काका गेले.

मृणाल आली. सगळं उरकल्यावर आम्ही दोघीच काकांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. ती कोऱ्या आवाजात म्हणाली, “आय आस्क्ड हिम, ताई. मी विचारलं होतं. ही सेड नो.”

मग मी तिला सांगितलं. आपल्याकडे पहिलं ‘नको’ हे नुसतं उंबऱ्यापर्यंतचं असतं, समोरच्यानं हात धरून आत न्यायचं असतं, आणि बाबा वाट बघत होते, हेही. सांगायला नको होतं का? देव जाणे. काकांनी साऱ्या किचनरला परमुलखात उपाशी न राहायची विद्या शिकवली, आणि आपल्या घरात आपणच उपाशी राहिले. त्याची हळहळ माझ्या जिवातून जात नाही.

“पण त्यांनीच तर मला शिकवलं,” मृणाल म्हणाली. “हाउ वॉज आय सपोज्ड टू नो?”

बोलायचं काहीतरी म्हणून मी किटलीला हात घातला. “चहा घेतेस?”

“नको.”

काकांची शिकवण माझ्याही अंगात मुरलेली. मी किटली खाली ठेवली.

ती उठून काकांच्या खुर्चीत जाऊन बसली. मग लहान मुलीसारखं म्हणाली, “ताई, परत विचार ना.”

मी परत विचारलं.