चिमूटनाना

जव्हारच्या एसटी स्टँडवर मी नानांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका पायावर उभे होते. खांद्याला पिशवी, हातात रिकामा डबा, चेहऱ्यावर संध्याकाळच्या गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाचे साधे भाव, आणि डावा पाय हवेत. शेजारी टोपली घेऊन बसलेल्या एका म्हातारीने हात जोडून विचारलं, "बाबा, नवस हाय का?" नाना म्हणाले, "हाय ना आजी. गुडघ्यांचा." आणि त्यांनी पाय बदलला. मी त्याच दिवशी नाशिकहून नोकरीसाठी आले होते. या गावात जरा जपूनच राहावं लागणार असं मनाशी म्हणत मी लांब जाऊन उभी राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत हजर झाले, तर समोरच्या टेबलावर हेड क्लार्क म्हणून तेच गृहस्थ बसलेले.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते कुणी वापरत नसे. सगळ्यांचे ते चिमूटनाना. माणसाने स्वतःला सुधारायचं तर रोज चिमूटभरच सुधारावं, असं त्यांचं ठाम मत होतं. "मूठभर घेतलं की ठसका लागतो," ते म्हणत. "आपण सुधारतोय हे अंगाला कळता कामा नये. कळलं की अंग संपावर जातं." मोखाड्याच्या पुढे त्यांचं गाव, तिथून रोज एसटीने ये-जा. नोकरीची थोडकीच वर्षं उरली होती. त्या वयात बाकीचे लोक पेन्शनचं गणित मांडत बसतात, नाना नवी सवय मांडून बसत.

चिमटीच्या खालोखाल मान होता खुंटीला. नवी सवय नुसती लावून घेता येत नाही, ती रोज होणाऱ्या कुठल्यातरी गोष्टीला टांगावी लागते, असा त्यांचा सिद्धांत. त्यांना मुतखडा झाला आणि डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं, तेव्हा त्यांनी पाणी एका वाक्याला टांगलं. कचेरीत कुणीही "साहेब नाहीयेत" म्हटलं की आपण पाणी प्यायचं. पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत माठाने तळ गाठला आणि दुपारनंतर नाना टेबलावर दिसेनासे झाले. आमचा शिपाई गणपत खिडकीशी आलेल्यांना सांगू लागला, "साहेब नाहीयेत, आणि आता नाना पण नाहीयेत." मुतखडा मात्र पडला. साहेबांच्या दौऱ्यांचा कुणाला तरी फायदा झाला म्हणायचा, असं मी बोलून गेले, तर नाना म्हणाले, "हळू बोल बाळ, उद्यापासून ते वेळेवर यायला लागले तर मी काय करू?"

उठाबशा त्यांनी टांगल्या होत्या विजेला. वीज गेली की उठाबशा काढायच्या आणि परत आली की थांबायचं. पावसाळ्यात जव्हारला वीज किती वेळा जाते हे इथल्या माणसाला सांगायला नको. एकदा ठाण्याहून मोठे साहेब तपासणीला आले होते. कुठल्याशा अहवालाला उशीर झाला म्हणून ते नानांना सगळ्यांसमोर फैलावर घेत होते. आवाज अगदी टिपेला पोचला आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. अंधारात काही क्षण कुणाला काही दिसेना. मग खिडकीतल्या धूसर उजेडात दिसलं की नाना साहेबांच्या पुढ्यात खाली-वर होताहेत. साहेब पुरते वरमले. "अहो, हे काय! वडीलधारे तुम्ही! एवढं मनाला लावून घेऊ नका," असं म्हणत त्यांनी नानांना दंडाला धरून उभं केलं. नाना पुन्हा बसले, कारण वीज अजून आली नव्हती. साहेबांच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. तपासणी तिथेच संपली आणि अहवालाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

माझी तऱ्हा वेगळी. मी जे करते ते वाजतगाजत करते आणि तिसऱ्या दिवशी सोडते. एका जानेवारीत मी नवे बूट आणून रोज पहाटे हनुमान पॉइंटपर्यंत चालायचं जाहीर केलं. जाहीर करण्याचा दिवस उत्तम गेला. नानांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "तू नुसते बूट घाल. चालू नको." मी रोज सकाळी बूट घालून खोलीच्या पायरीवर बसू लागले. घरमालकीणबाई विचारायच्या, "कुठे निघालात?" मी म्हणायचे, "कुठे नाही." त्या काळजीने माझ्या आईला फोन करणार होत्या. आठवडाभराने बसून बसून मलाच इतका कंटाळा आला की मी उठून चालायला लागले. आजही चालते, आणि त्याचं श्रेय नानांना द्यावं लागतं याचा मला अजून थोडा राग येतो.

मग आली स्तुतीची सवय. सकाळच्या चहाला टांगलेली. चहाचा पहिला घोट घेतला की समोर असेल त्याची मनापासून स्तुती करायची, आणि एकाच माणसाची पुन्हा करायची नाही. सुरुवातीला कचेरी खूश होती. पण माणसं संपत आली तशी स्तुती पातळ होऊ लागली. माझी पाळी आली तेव्हा नाना बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तू दार फार छान लावतेस." गणपतच्या वाट्याला त्याच्या छत्रीची स्तुती आली. मग चहावाला, एसटीचे कंट्रोलर आणि शेवटी कचेरीतलं मांजर. मी चेष्टेने म्हटलं, "नाना, आता अख्ख्या जव्हारात कुणी उरलं नाही." गणपत खालच्या आवाजात म्हणाला, "भाऊ उरलाय की." नानांनी कप खाली ठेवला आणि उरलेला चहा तसाच टाकून ते कामाला लागले.

गणपत मूळचा नानांच्याच गावाकडचा. त्याने मला बाहेर नेऊन सगळी हकीकत सांगितली. नानांच्या गावात बोहाडा होतो, देवीचा उत्सव, देवदैत्यांचे मोठाले मुखवटे घालून नाचायचा. कुठलं सोंग कुठल्या घराचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. नानांच्या घरी रावण होता. दहा तोंडांचा तो मुखवटा इतका जड की नाचणारा एक लागतो आणि त्याच्या कमरेला बांधलेला शेला मागून धरणारा दुसरा. वडील गेल्यावर नाना नाचत आणि धाकटा भाऊ धर्मा शेला धरी. एका वर्षी ऐन रंगात धर्माच्या खिशातला फोन वाजला. धर्माने एक हात सोडला. रावणाने तेव्हाच गिरकी घेतलेली. तो भेलकांडत गेला तो पुढच्या रांगेत बसलेल्या पाहुण्यांच्या थेट मांडीवर. पाहुण्यांनी घाबरून रावणाच्याच पाया पडायला सुरुवात केली. गाव हसून हसून लोळलं. दोघे भाऊ मात्र हसले नाहीत. "तू सोडलंस," एक म्हणाला. "तू ओढलंस," दुसरा म्हणाला. त्या दिवसापासून त्यांच्यात शब्द नव्हता आणि रावण माळ्यावर पडून होता.

हसण्यासारखंच होतं, पण आता पंचांनी निरोप धाडला होता की या वर्षी दोघांनी मिळून सोंग काढायचं, नाहीतर ते दुसऱ्या घराला द्यायचं. एकदा दिलं की ते परत येत नाही. बापाने नाचवलेला रावण लोकाच्या घरात नाचताना बघायचा, या विचाराने नानांच्या तोंडाला चव नव्हती. एका पायावर उभं राहणं आणि वीज गेली की उठाबशा काढणं निरोपाच्याही कितीतरी आधीपासून कशासाठी चाललं होतं, ते तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. गुडघे तयार होते. भावाचं घर तेवढं राहिलं होतं.

मी म्हटलं, "नाना, सरळ जाऊन बोला की." ते म्हणाले, "तू बूट घालून थेट हनुमान पॉइंटला गेली होतीस का?" मग त्यांनी भावालाही चिमूट लावली. गाडीतून फाट्यावर उतरलं की घरी जायला दोन वाटा. जवळची धर्माच्या अंगणावरून जाणारी, आणि लांबची शेताला वळसा घालून. इतकी वर्षं नाना वळसा घालत होते. आता रोज संध्याकाळी उतरलं की जवळच्या वाटेने थोडं जायचं, तिथे जरा उभं राहायचं आणि माघारी फिरून लांबच्या वाटेने घर गाठायचं. दुसऱ्या दिवशी थोडं पुढे.

कचेरीत याचं क्रिकेट झालं. नाना दारात दिसले की गणपत विचारी, "कुठपर्यंत?" "करवंदीच्या जाळीपर्यंत." काही दिवसांनी, "मोहापर्यंत." धर्मा संध्याकाळी अंगणात बसलेला असे, तो पाठ फिरवून घेई. त्याचा कुत्रा मात्र सुरुवातीला भुंकला, मग नुसता गुरगुरला, आणि पुढे पुढे शेपटी हलवत नानांच्या शेजारी येऊन उभा राहू लागला. मग एकदाची बातमी आली, "वईपर्यंत." म्हणजे अंगणाचं कुंपण. आम्ही भजी मागवली. पण त्यानंतर रोज "वईपर्यंत"च येऊ लागलं. होळी जवळ आली, होळी गेली, नाना वईशीच. तिथे उभं राहायचं आणि माघारी यायचं. मी चिडून म्हटलं, "अहो, आता एक पाऊल!" नाना इतकंच म्हणाले, "हे पाऊल चिमटीत मावत नाही गं."

त्यात मार्चअखेर आली. शेवटच्या दिवशी सगळी कचेरी बिलांच्या ढिगात बुडालेली. नानांची गाडी चुकली, ते जव्हारातच गणपतच्या घरी राहिले. सकाळी मी खिडकी उघडली तर बाहेर एक माणूस उभा. डोक्यावर टोपी, पायात धुळीच्या चपला, नाक अगदी नानांचं. म्हणाला, "थोरला कुठं हाय?" मी विचारलं, "कोण थोरला?" तो म्हणाला, "आमचा." माझ्या मागे गणपतने हातातली कपबशी खाली ठेवली.

नाना उठून उभे राहिले. धर्मा आत आला आणि टेबलापलीकडेच थांबला.

"काल आला नाय तू," तो म्हणाला.

"मार्च एंड होता," नाना म्हणाले.

"त्याला काय ठावं मार्च एंड?"

"कुणाला?"

"कुत्र्याला. वईशी जाऊन बसला. भाकर टाकली, ती पन खाल्ली नाय त्यानं."

धर्मा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाला, "मी बी नाय जेवलो. म्हटलं, बरा तं हाय ना."

नानांनी चष्मा काढून पुसला, आणि पुसलेला चष्मा पुन्हा पुसला. मग आपली खुर्ची पुढे सरकवून म्हणाले, "बस." आम्हाला तिकडे बघायची सोय नव्हती. मी एक फाईल उघडून त्यात तोंड घातलं. नंतर पाहिलं तर ती उलटी होती.

"यंदा धरशील का?" नानांनी विचारलं.

"धरीन. पन तू ओढू नको."

"मी ओढलं नव्हतं."

"ओढलं व्हतं."

गणपतने धावत जाऊन दोघांच्या मध्ये चहा ठेवला.

बोहाड्याला आमची सगळी कचेरी गेली. रावण पहाटे निघाला. संबळ नुसता कडाडत होता, दहा तोंडं डुलत होती, आणि मागे धर्मा शेला मुठीत आवळून दात-ओठ खात पळत होता. फोन त्याने निघण्याआधीच माझ्या हातात कोंबला होता. पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी खुर्च्या मागे घेतल्या होत्या. नाचून झाल्यावर मुखवटा उतरवला, तेव्हा घामाने निथळणारे नाना एखाद्या पोरासारखे हसत होते. मला एकदम रडू फुटलं, आणि ते मशालींच्या धुरामुळे आहे असं मी सगळ्यांना सांगितलं.

त्यानंतर लवकरच नाना सेवानिवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात, आता वेळच वेळ आहे, हळूहळू काहीतरी करू, एवढंच ते बोलले. त्यांच्या टेबलावर नवे गृहस्थ आले. ते दोन्ही पायांवर उभे राहतात आणि वीज गेली की बसून राहतात. कचेरी अगदी शहाण्यासारखी चालते, आणि मला ती मुळीच आवडत नाही.

परवा बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडजवळ मोठा गलका ऐकू आला. बघते तर नाना आणि धर्मा कडाकडा भांडत होते. दोर कुठला घ्यायचा, सुंभाचा की नायलॉनचा, यावरून. एकमेकांची अक्कल काढत होते, भोवती लोक जमले होते. इतक्या कष्टाने जुळलेलं पुन्हा मोडतंय असं वाटून मी गर्दीत घुसले आणि म्हटलं, "नाना, पुरे करा हो!" नानांनी मला हाताने बाजूला केलं. "मधे पडू नको बाळ," ते म्हणाले. "इतकी वर्षं बोललो नाही, म्हणजे भांडलोही नाही. सगळं तुंबलंय. आता कुठे सुरुवात केलीय."

तेवढ्यात मोखाड्याची गाडी लागली. दोर न घेताच दोघे भांडत भांडत चढले. गाडी अर्ध्याहून जास्त रिकामी होती. दोघे एकाच बाकावर बसले.