भोंग्यावाल्या शफीकचा पुकारा

माझ्या भावाच्या मौतीची खबर गावाला द्यायची नाही, हे कोणी ठरवलं?

ठाण्यात विचारलं. ते म्हणाले, "वरून सांगितलं." तहसीलमध्ये विचारलं. ते म्हणाले, "आम्ही नाही, आरोग्यवाल्यांनी." आरोग्यवाले म्हणाले, "पोलिसांना विचारा." वर कोण राहतो, ते मला अजून कोणी दाखवलेलं नाही!

माझा भाऊ शफीक. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात सगळे त्याला भोंग्यावाला शफीकभाई म्हणत. दारव्हा रोडवर आमचं लाऊडस्पीकरचं दुकान. ऑटोवर दोन भोंगे बांधायचे, मागच्या सीटवर माईक घेऊन बसायचं आणि गावभर सांगत फिरायचं. सर्कस आली, सेल लागला, पोरगं हरवलं, उद्या नळ येणार नाही. आणि कोणी मेलं तर तेही. हिंदू मेला, मुसलमान मेला, बंजारा मेला, पुकारा शफीकभाईचाच. त्याचा स्वतःचा तेवढा करायचा नव्हता.

आता लोक दुकानात बसायला येतात. तोंड पाडून येतात आणि चहा यायच्या आत म्हणतात, "पण काही म्हण मुन्ना, त्या दिवशी शफीकभाईनं मजाच केली." झालं सुरू! दुकानातल्या जुन्या वायरींसारखं आहे हे. एक ओढली की सगळा गुंता बाहेर येतो. ते हसतात, मीपण हसतो, मग मला त्यांचा राग येतो. माझी शाळा सहावीत सुटली. लिहायचं कसं ते माहीत नाही. पण दुसऱ्यांनी सांगण्यापेक्षा मीच सांगतो.

* * *

पहिला लॉकडाऊन लागला तेव्हा आरोग्य विभागाच्या साहेबांनी शफीकला बोलावलं. हातात एक कागद दिला. म्हणाले, "हे जसंच्या तसं वाचायचं. एक शब्द इकडचा तिकडे नको."

कागदावर "तदनुषंगाने" आणि "प्रतिबंधात्मक उपाययोजनांच्या अंमलबजावणीकरिता" असलं काय काय होतं. शफीकनं जीभ चावत चावत दुपारपर्यंत वाचलं. ऑटो चालवायला आमचा गजूभाऊ. त्याला तर झोपच यायला लागली.

माळीपुऱ्यात एक म्हातारी पिशवी घेऊन पळत आली. ऑटोला हात दाखवून म्हणाली, "थांब रे बाप्पा! कायचा सेल लागला? कुठी लागला?"

शफीकनं कागदाची घडी करून खिशात टाकली. माईक तोंडाजवळ घेतला. "आजी, घरात बस! बिमारी आली हाये! काका, घरात बसा! पोट्टेहो, घरात बसा, नाई तं पोलीस बसवतीन!"

ह्याचीच मग रेकॉर्डिंग झाली आणि ती दीड वर्ष गावात वाजली.

* * *

रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर होती. रोज बोलून बोलून घसा जातो, म्हणून शफीकनं ती करून ठेवली होती. गजूभाऊनं पेनड्राइव्ह लावला, गाणं लावावं तसं. कोणी बघितलंच नाही की त्यात मागच्या वर्षीची जत्रेची अनाउन्समेंट पण आहे.

नदीकडच्या मोहल्ल्यात भोंगा सांगत होता, "गर्दी करू नका! घरात बसा!" आणि लगेच त्याच आवाजात, जोशात, "कुस्त्यांची जंगी दंगल! आज दुपारी चार वाजता, नदीकाठच्या मैदानावर! हजारोंच्या संख्येनं उपस्थित राहावं, ही नम्र विनंती!"

साहेबांचा फोन आला. फोन कानाला लावायची गरज नव्हती, तसाच ऐकू येत होता. शफीक म्हणाला, "साहेब, चूक झाली, पण एवढं कोण येते सध्या?"

चार वाजता आम्ही मैदानावर जाऊन बघितलं. दोन पैलवान आले होते. लंगोट कसून, अंगाला माती लावून, तोंडाला मास्क बांधून, एकमेकांपासून दूर दूर बसलेले!

पोलीसपण आले. त्यांनी दोघांनाही हाणलं. गजूभाऊ म्हणाला, "चला, कुस्ती बरोबरीत सुटली."

* * *

लोक आता जो किस्सा सगळ्यात जास्त हसून सांगतात तो हा. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

चौकात बाहेरगावाहून नवीन शिपाई आणले होते. ते आम्हाला ओळखत नव्हते. त्या दिवशी शफीक रेकॉर्डिंग न लावता माईकवर स्वतः बोलत होता. "घराबाहेर पडू नका! विनाकारण फिरू नका!" शिपायानं ऑटो थांबवला, शफीकला बाहेर ओढलं.

"दुसऱ्याले सांगतो घरात बसा, अन् स्वतः फिरतो?"

"अहो साहेब, मी घरात बसून सांगू कसा?"

"वरून तोंड करतो?" आणि दिला दंडुका.

माईक चालूच होता. "अगागा! मेलो! अब्बा!" अख्ख्या गावानं माझ्या भावाचा मार ऐकला. आमच्या अम्मीनं चुलीपाशी ऐकला. ती अनवाणी पळत निघाली आणि पुढच्या कोपऱ्यावर तिलाही परत हाकललं.

दुसऱ्या दिवशी गावात चिटपाखरू नव्हतं. साहेबांनी शफीकला बोलावून पाठीवर थाप मारली. जिथं वळ होता, नेमकी तिथंच! म्हणाले, "काल जे केलं ते फार परिणामकारक झालं. तेच रेकॉर्ड करून रोज वाजवता येईल का?"

* * *

एक कॉलनी आहे. दरवर्षी त्यांच्या गणपतीत दहा दिवस माईकवर शफीकच. महाप्रसादाचं आमंत्रण तोच सांगायचा, आरतीला या म्हणून तोच ओरडायचा.

त्या उन्हाळ्यात मोबाईलवर काय काय फिरलं, माहीत आहे तुम्हाला. आम्ही ऑटो घेऊन गेलो तर गेट बंद. आतून एक काका म्हणाले, "शफीक, राग नको मानू. पण हा कोरोना तुमच्याच लोकांनी आणला म्हणतात."

शफीक म्हणाला, "काका, मी तं दारव्ह्याच्या पुढं गेलो नाही. कुठून आणू?"

"ते खरं. पण मंडळी भितात. तू असं कर, भोंग्याचं तोंड इकडं कर आणि रस्त्यावरूनच वाजव. आवाज येऊ दे. तू नको येऊ."

मी दगड उचलला. खरंच उचलला. गजूभाऊनं माझं मनगट धरलं. म्हणाला, "मुन्ना, खाली टाक. तुयाआधी मीच मारतो, पण आत माया साळा राह्यते."

शफीकनं भोंगा फिरवला. "काका, घरात बसा," म्हणून रेकॉर्डिंग लावली आणि आवाज फुल केला. मला म्हणाला, "आवाजाले जात नसते म्हणतात. आज पटलं."

* * *

पुढारी लोकांना लॉकडाऊन नव्हताच. एका भाऊसाहेबांनी धान्य वाटायचं ठरवलं. मंडप, हार, फोटोवाला आणि ही गर्दी! शफीकला माईकवर ठेवलं. भाऊसाहेब कानात म्हणाले, "लोकांना अंतर ठेवायला सांग. पण माझं नाव घेत राहा."

शफीक म्हणाला, "एकदम बरोबर."

मग जो सुरू झाला! "भाऊसाहेबांपासून सहा फूट दूर राहा! भाऊसाहेबांच्या जवळ कोणी जाऊ नका! भाऊसाहेबांना हात लावल्यास घरी जाऊन साबणानं हात धुवा!"

लोक पोट धरून हसले. भाऊसाहेब फोटोत हसताना दिसतात. त्यांना रात्री घरी गेल्यावर कळलं म्हणे.

* * *

दुसरा उन्हाळा वेगळा होता. रोज पुकारे. आधी आठवड्यात एखादा असायचा. आता सकाळी एक झाला की दुकानावर दुसरा माणूस उभा. शेवटी हुकूम आला, बिमारीनं मेलेल्याचा पुकारा करायचा नाही. गर्दी होते. फक्त रेकॉर्डिंग वाजवायची.

शफीक साहेबांकडे गेला. म्हणाला, "साहेब, लोक जमू नका, असं सांगूनच पुकारा करतो. पण नाव तं घेऊ द्या. माणूस गेला अन् शेजाऱ्याले माहीत नाही, असं कसं?"

साहेब मोबाईलमध्ये बघत म्हणाले, "तुम्ही कशाला इमोशनल होता? तुम्ही भोंगा लावा."

आठ दिवसांत शफीक खोकायला लागला. आधी त्याचा आवाज गेला. माझ्या भावाचा आवाज! मग दम लागला. दवाखान्यात खाट मिळेना. गजूभाऊनं त्याला ऑटोत घालून तीन ठिकाणी फिरवलं. भोंगे काढायलाही वेळ नव्हता. शेवटी एका वसतिगृहात कोविड सेंटर होतं, तिथं घेतलं. जिन्याखाली का होईना, खाट मिळाली. आत आम्हाला जाऊ देत नव्हते.

आणि आमचा ऑटो रोज त्याच वसतिगृहासमोरून जायचा. काम बंद करता येत नव्हतं, साहेबांचे फोन यायचे. मी पेनड्राइव्ह लावून बसायचो. भाऊ आत पडलेला आणि बाहेर त्याचाच आवाज, "आजी, घरात बस! बिमारी आली हाये!"

त्याचा फोन आला. घोगरा, एक एक शब्द तोडत. "मुन्ना... तो ऑटो... जरा दुरून ने."

"काहून भाई? तरास होते?"

"मले नाई. बाकीचे पेशंट... मले शिव्या देऊन राह्यले. म्हणतात, हा बाहेर बी सोडत नव्हता... आत बी सोडत नाई."

आम्ही दोघं हसलो. त्याला हसता हसता ढास लागली आणि फोन दुसऱ्या कोणी तरी ठेवून दिला. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही.

* * *

कब्रस्तानात मी आणि गजूभाऊ. तेही फाटकाबाहेर. प्लास्टिकच्या कपड्यातल्या चौघांनी काम केलं. गुसल नाही, म्हणजे मय्यतीला आंघोळ नाही, तोंड दाखवणं नाही. अम्मीला घराबाहेर पडू दिलं नाही. हवालदार म्हणाला, "पुकारा करायचा नाही बरं. शफीकभाईचं नाव घेतलं तर अख्खं गाव लोटेल." मला वाटतं तो चांगलं बोलत होता. मला त्याचा गळा धरावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचा फोन. "काय रे, आज ऑटो दिसला नाही? लसीचं सांगायचं आहे. फोन तुझ्या भावाला दे."

मी म्हटलं, "काढतो साहेब."

गजूभाऊला बोलावलं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि किक मारली.

मी माईकवर कधी बोललो नव्हतो. शफीक बोलू द्यायचा नाही. म्हणायचा, "तुया आवाज म्हणजे रिव्हर्समधला टेम्पो." पण पुकारा कसा करायचा ते मला पाठ होतं. चौकात ऑटो उभा करायचा. इंजिन बंद करायचं. मेलेल्याचं नाव, बापाचं नाव, मोहल्ला. मग थांबायचं. कारण कोणी तरी दारातून विचारतंच, "कोण गेलं?" त्याला परत सांगायचं. जितके विचारतील तितक्यांना सांगायचं, त्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही.

पहिल्या चौकात मी माईक दोनदा शर्टाला पुसला. गजूभाऊ मागं न बघता म्हणाला, "बोल बेटा."

"शफीक, वल्द रहीम, टेकडी मोहल्ला. भोंग्यावाले. यांचा काल इंतकाल झाला."

खिडक्या उघडल्या. गच्चीवरून कोणी तरी ओरडलं, "कोण गेलं?" मी सांगितलं. एक बाई म्हणाली, "काहीतरीच काय! परवा तं आला होता ना त्याचा आवाज!" तिलाही सांगितलं. कॉलनीच्या गेटसमोर सांगितलं. ते काका आत हात जोडून उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. नदीकडं सांगितलं, माळीपुऱ्यात सांगितलं. पोलीस चौकात हवालदारानं काठी आडवी केली. मी काठीसमोर इंजिन बंद करायला लावलं आणि तिथंही सांगितलं. त्यानं काठी बाजूला घेतली.

शेवटी साहेबांच्या बंगल्याखाली गेलो. इंजिन बंद. नाव घेतलं.

वरची खिडकी उघडली. साहेब बनियनवर होते, हातात चहाचा कप. विचारायचं म्हणून विचारतात तसं त्यांनी विचारलं,

"कोण गेलं रे?"

मी सांगितलं. नाव, बापाचं नाव, मोहल्ला.

साहेबांनी कप खिडकीत ठेवला. मग इकडं तिकडं बघत म्हणाले, "अरे, पण... बरं, आवाज कमी कर. लोक जमतील."

मी आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि परत पहिल्यापासून सुरू केलं.